मधली भिंत काढण्यापूर्वी
(व्याख्यानाचा मजकूर)



गोव्यातील जुन्या घरांच्या दुरुस्तीत अलीकडे एक काम वारंवार निघते. दोन खोल्यांमधील भिंत काढून तेथे एक प्रशस्त दालन करावयाचे, हे ते काम होय. मुलाचे लग्न ठरते, मुंबईस किंवा परदेशी असलेले भाऊ चतुर्थीस घरी येऊ लागतात, अथवा नुसतेच एखाद्या नव्या वसाहतीतील मोठा हॉल पाहून मन ओढ घेते, आणि गवंड्याला बोलावणे धाडले जाते. गवंडी येतो, भिंतीवर दोन थापा मारतो, "चार दिवसांचे काम" असे सांगतो. भिंत खरोखरच चार दिवसांत जाते. ती भिंत आजवर काय काम करीत होती, हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारलेला नसतो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तो प्रश्न आहे.

मोकळ्या जागेची इच्छा चुकीची आहे, असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. जुनी घरे ज्या कुटुंबांसाठी बांधली गेली, ती कुटुंबे आता राहिलेली नाहीत. वीस-पंचवीस माणसांच्या एकत्र कुटुंबाला बाळंतिणीची खोली, कोठीची खोली, नारळ-सुपारीची खोली, पाहुण्यांची खोली अशी विभागणी आवश्यक होती. आज त्याच घरात चार माणसे राहतात आणि निम्म्या खोल्यांना कुलूप असते. मधल्या खोल्यांत दिवसाही दिवा लावावा लागतो. आजारी वृद्धाची खाट अशाच एखाद्या अंधाऱ्या खोलीत असते. आपल्यासारख्या उष्ण व दमट हवामानाच्या प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक षष्ठांश इतकी खिडक्यांची जागा असावी, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. हे प्रमाण जुन्या घरांच्या मधल्या खोल्यांना लावून पाहिल्यास फारच थोड्या खोल्या त्यात उतरतील. तेव्हा घर मोकळे व उजेडाचे करावे, ही इच्छा रास्त आहे. प्रश्न आहे तो कोणती भिंत काढावी आणि कशी काढावी, एवढाच.

मासिकांतून व दूरचित्रवाणीवर ज्या घरांची चित्रे आपण पाहतो, त्यांतील भिंती आणि आपल्या घरातील भिंती यांची जात वेगळी आहे. ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने, ज्याने पुढे चंडीगढ शहराची आखणी केली, १९१४ साली एका घराचा आराखडा काढला होता. त्यात नुसते खांब, सपाट तक्तपोशी आणि जिना एवढेच होते, भिंती नव्हत्याच. भार सगळा काँक्रीटच्या खांबांनी वाहावयाचा, भिंती राहणाऱ्याने आपल्या सोयीने कोठेही घालाव्यात, अशी ती कल्पना. आज फोंडा, मडगाव, म्हापसा येथे ज्या इमारती उभ्या राहतात, त्या याच तत्त्वावर. तेथील साडेचार इंची विटेची भिंत बहुतांशी पडद्याचे काम करते. खेड्यातील चिरेबंदी घरात मात्र खांब नाहीत. तेथे भिंत हाच खांब आहे, भिंत हीच तुळईची बैठक आहे. शहरातील सदनिकेत जे काम निभावून गेले, ते गावच्या घरात निभावेलच असे नाही, याचे मूळ कारण हे आहे.

या बाबतीत सर्व मराठी घरांना एकच नियम लावून चालत नाही. देशावरील आणि तिकडून बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे गेलेला वाडा हा लाकडी सांगाड्याचा असतो. तेथे घराचे माप खणांत सांगतात, आणि खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर. बडोद्यातील तांबेकर वाड्यासारख्या वास्तूत खांब, तुळया व कडीपाट यांचा सांगाडा वेगळा आणि त्यांतील भराव वेगळा, हे स्पष्ट दिसते. अशा वाड्यात दोन खांबांमधला भराव काढणे त्या मानाने सोपे. भीती असते ती भरावात दडलेला खांब गवंड्याच्या नजरेतून निसटण्याची, किंवा खांबाचा पाया ओलीने कुजलेला निघण्याची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या जाड भिंती व धाब्याचे जड छप्पर हे त्या हानीचे मोठे कारण ठरले. पण अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिल्याचे पाहणीत आढळले. भिंत व सांगाडा यांची कामे निराळी असली म्हणजे काय होते, त्याचे हे दुःखद पण बोलके उदाहरण होय. गोव्यातील चिरेबंदी घरात असा निराळा सांगाडा बहुधा नसतो. भिंत गेली की तिच्या जागी उभे राहणारे दुसरे काही तेथे नाही.

आता अशा घराची रचना थोडी बारकाईने पाहू. बाहेरच्या लांब भिंती, त्यांना काटकोनात जोडणाऱ्या आडव्या भिंती, आणि वर दुपाखी कौलारू छप्पर, हा नेहमीचा साचा. जुन्या भिंती दीड ते दोन फूट जाड, चिऱ्याच्या आणि बहुधा मातीच्या गाऱ्यात रचलेल्या. चुन्याचा गिलावा वरून दिलेला. आडवी भिंत पुष्कळ घरांत त्रिकोणी शेंड्यापर्यंत चढविलेली असते. छपराचे आढे व आडव्या तुळया या शेंड्यावर विसावतात, तुळयांवर वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर कौले. म्हणजे दोन खोल्यांमधली जी भिंत आपण "नुसती मधली" म्हणतो, तिच्यावर दोन्ही खोल्यांच्या छपराचा अर्धा-अर्धा भार आलेला असतो.

हा भार किती, हे साध्या गणिताने काढता येते. शाळेतील शिक्षकांनी हे उदाहरण वरच्या वर्गातील मुलांकडून करवून घेण्यास हरकत नाही. समजा, भिंतीत तीन मीटर, म्हणजे दहा फूट, रुंदीची मोकळी जागा करावयाची आहे आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या खोल्या चार-चार मीटर रुंद आहेत. प्रत्येक बाजूचे दोन मीटर धरल्यास चार गुणिले तीन, म्हणजे बारा चौरस मीटर जमिनीवरील छप्पर या भागावर येते. छपराचा उतार हिशेबात घेतला की ते चौदा चौरस मीटरच्या आसपास जाते. एका चौरस मीटरला साधारण पंधरा मंगलोरी कौले बसतात आणि एक कौल सुमारे अडीच किलोचे असते. रिपा, वासे व तुळया मिळवून चौरस मीटरला साठ किलो धरू. एकूण साडेआठशे किलो झाले. पावसाळ्यात कौले व लाकूड पाणी पितात, म्हणून एक हजार किलो, म्हणजे एक टन म्हणणे सोयीचे.

एक टन ऐकून पुष्कळांना हायसे वाटते. एक लोखंडी गर्डर टाकला की झाले, असा समज होतो. पण हिशेब येथे संपत नाही. मोकळी जागा जमिनीपासून सात फूट उंचीपर्यंतच करावयाची असते. तिच्यावरची भिंत शेंड्यापर्यंत तशीच राहते. या उरलेल्या भिंतीची सरासरी उंची अडीच मीटर, लांबी तीन मीटर आणि जाडी चाळीस सेंटीमीटर धरल्यास घनफळ तीन घनमीटर होते. चिऱ्याच्या बांधकामाचे वजन घनमीटरला सुमारे दोन टन. म्हणजे छप्पर एक टन, आणि अधांतरी लटकणारी भिंत सहा टन! घरमालक छपराकडे पाहून घाबरतो किंवा धीर धरतो; खरे ओझे भिंतीचेच असते. जुन्या रुळाचा तुकडा, किंवा कोठल्या तरी पाडलेल्या घरातील सागवानी तुळई, डोळ्यांच्या अंदाजाने येथे घालणे म्हणजे सहा-सात टनांचा भार नशिबावर सोडणे होय.

एक खरे, की उत्तम बांधणीची भिंत आपला सगळा भार खालच्या तुळईवर टाकीत नाही. भिंतीत भोक पाडल्यावर त्याच्या लगेच वरचा त्रिकोणी भाग तेवढा तुळईवर बसतो आणि बाकीचा भार कमानीसारखा दोन्ही बाजूंना वळतो. कमानीचे तत्त्व यावरच आधारलेले आहे, आणि जुन्या गोमंतकीय घरांतील चिऱ्यांच्या कमानी शतकभर निर्वेध उभ्या आहेत त्या यामुळेच. पण त्यासाठी दोन अटी आहेत. चिरे एकमेकांत नीट सांधमोड करून बसविलेले हवेत, आणि मोकळ्या जागेच्या दोन्ही अंगांस पुरेशी भरीव भिंत शिल्लक हवी. मातीचा गारा धुपून गेलेल्या, उंदरांनी पोखरलेल्या भिंतीत पहिली अट पुरी होत नाही. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत साफ काढून टाकली की दुसरी अट आपणच मोडतो. म्हणून दहा फुटांऐवजी सहा फुटांची मोकळीक ठेवून दोन्ही बाजूंना भिंतीचे दोन-तीन फुटी खुंट राखणे, हा शहाणपणाचा मार्ग आहे. दृष्टीला दोन्ही खोल्या एक वाटतात, समारंभाच्या पंगती बसतात, आणि भिंतीचे काम भिंतच करीत राहते.

भार वाहण्याखेरीज आडव्या भिंतीचे आणखी एक काम असते, आणि ते गवंड्याच्या थापेने कधीच कळत नाही. उघडे पुस्तक टेबलावर पालथे, तंबूसारखे उभे केले, तर त्याची दोन्ही पाने बाहेर सरकू पाहतात. दुपाखी छपराचे वासेही बाहेरच्या लांब भिंतींना असाच बाहेरच्या अंगाला रेटा देतात. लांब भिंत एकटी असती तर हळूहळू बाहेर कलली असती. आडव्या भिंतींनी तिला ठराविक अंतरावर धरून ठेवलेले असते. एक आडवी भिंत काढली की या पकडीचे अंतर एकदम दुप्पट होते. छपराला नवी तुळई मिळाली, तरी बाहेरच्या भिंतीला नवी पकड मिळालेली नसते. काही पावसाळ्यांनंतर वळचणीखाली आडवी भेग दिसू लागते, दरवाजे अडकू लागतात, आणि घरधनी सुताराला दोष देतो. सबब, आडवी भिंत काढावयाची झाल्यास समोरासमोरच्या दोन लांब भिंतींना वरच्या अंगाला लोखंडी सळईने किंवा बांधपट्ट्याने एकमेकींशी जखडणे हा त्या कामाचाच एक भाग समजला पाहिजे. भूकंपविषयक २००२ च्या भारतीय मानकात गोवा व बेळगाव ही तिसऱ्या पट्ट्यात, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात, दाखविलेली आहेत, हेही येथे लक्षात ठेवणे बरे.

यावरून कोणतीच भिंत काढता येत नाही, असा अर्थ कोणी घेऊ नये. गोव्यातील घरांत एक जात अशी आहे, की ती काढणे पुष्कळदा निर्धोक असते. ती म्हणजे वाटणीची भिंत. भावांची चूल वेगळी झाली, माजघराच्या मधोमध एक भिंत उभी राहिली, देवघर एकाकडे आणि न्हाणी दुसऱ्याकडे गेली. तीस-चाळीस वर्षांनी पुढची पिढी सलोख्याने नांदू लागते, किंवा एक शाखा निपुत्रिक होऊन घर पुन्हा एकाच्या हाती येते. मग ती भिंत नकोशी होते. चतुर्थीचा गणपती तर वाटणीनंतरही बहुधा मूळ घरातच बसतो, आणि सगळ्या शाखा त्या चार दिवसांत एका छपराखाली जमतात. माटोळी बांधावयाची, आरतीला पन्नास माणसे उभी राहावयाची, आणि मध्ये ही आडकाठी! ती काढण्याची उत्सुकता समजण्यासारखी आहे.

वाटणीची भिंत ओळखण्याच्या खुणा आहेत. ती जेथे जुन्या भिंतीला मिळते, तेथील गिलावा हातभर खरवडून पाहावा. चिरे एकमेकांत गुंतलेले नसून सरळ उभी फट दिसली, तर भिंत मागाहून घातलेली आहे. तिच्या पायथ्याशी पाहावे. जुनी फरशी किंवा जमीन भिंतीखालून सलग पलीकडे गेली असेल, तर तिला स्वतंत्र पाया नाही. माळ्यावर चढून विजेरीच्या उजेडात तिचा माथा पाहावा. छपराची तुळई तिच्यावर टेकलेली नसून मध्ये मोकळी जागा असेल, तर ती भार वाहत नाही. जाडीही सहसा कमी असते. या चारही खुणा जुळल्या तरी एक सावधगिरी उरते. घर जुने झाल्यावर तुळया वाकतात, त्यांची भिंतीत रुतलेली टोके वाळवी खाते, आणि वरचे छप्पर सावकाश खाली येऊन मूळ पडद्यासाठी घातलेल्या भिंतीवर विसावते. बांधली तेव्हा ती भिंत भार वाहत नव्हती, आज वाहते. म्हणून तुळई आणि भिंतीचा माथा यांच्यामधून जाड कागद आरपार सरकतो की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे. कागद अडला, तर ती भिंत भाराची समजावी.

वाटणीच्या भिंतीला दुसरी एक बाजू आहे, ती कायद्याची. वाटणीपत्रात किंवा इन्व्हेंतारात ती भिंत हद्द म्हणून नोंदलेली असू शकते. दुसऱ्या शाखेचे वारस मुंबईत असोत की पोर्तुगालात, त्यांची व त्यांच्या पती-पत्नींची लेखी संमती असल्याशिवाय अशा भिंतीला हात लावू नये. सलोख्याच्या पायी काढलेल्या भिंतीवरून दिवाणी दावे उभे राहावेत, यासारखा दैवदुर्विलास नाही. तसेच, गोवा पंचायत राज अधिनियम, १९९४ च्या कलम ६६ अन्वये घर बांधणे, तसेच असलेल्या घरात फेरफार वा वाढ करणे, यास पंचायतीची लेखी परवानगी लागते. भार वाहणारी भिंत काढणे ही रंगरंगोटीसारखी किरकोळ दुरुस्ती म्हणून दाखविण्याची जी रीत पडत आहे, ती घातक आहे. पंचायत सचिवांनी अशा अर्जासोबत घराचा उभा छेद दाखविणारे एक रेखाचित्र मागावे. भिंतीवर काय टेकलेले आहे, हे त्या एका कागदावर दिसते. आणि तो कागद काढण्यासाठी कोणा अभियंत्याला माळ्यावर चढावेच लागते, हा त्यातील खरा लाभ.

काम केव्हा काढावे, याबद्दल दोन शब्द. चतुर्थीपूर्वी दालन तयार हवे म्हणून जून-जुलैत भिंत फोडावयास घेणे, हा अनुभव गावोगावी येतो. यापेक्षा वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. चिरा सच्छिद्र असतो. ओला झाला की त्याची ताकद घटते, मातीचा गारा लोण्यासारखा होतो, आणि छप्पर नेमके सर्वांत जड झालेले असते. ओल्या जमिनीत टेकूंचे पाय रुततात. असे काम दिवाळीनंतर सुरू करून मार्च महिन्याच्या आत संपवावे. म्हणजे एप्रिल-मे मधील शाकारणीच्या वेळी छपराची उरलेली डागडुजी त्यातच उरकता येते.

कामाची पद्धत गवंड्यांना ठाऊक असते, पण घाईत तिच्या पायऱ्या गाळल्या जातात. प्रथम त्या भागावरील कौले उतरवावी. सुमारे अर्धा टन भार विनासायास कमी होतो. मग दोन्ही खोल्यांत तुळयांना टेकू द्यावेत, टेकूंखाली जाड फळ्या घालाव्यात म्हणजे भार जमिनीवर पसरेल. त्यानंतर वरच्या भिंतीत ठराविक अंतरावर भोके पाडून त्यांतून आडव्या कड्या आरपार घालाव्यात आणि त्या कड्यांना दोन्ही बाजूंनी टेकू द्यावेत. वरची सहा टनांची भिंत आता या कड्यांवर तोललेली असते. एवढे झाल्यावरच खालचे चिरे काढण्यास हात घालावा. चिरे घणाने पाडू नयेत. एकेक सैल करून उतरवावेत. धक्क्याने सबंध भिंत हादरते, शिवाय जुना चिरा पुन्हा वापरण्याजोगा असतो, तो फुकट जातो. भिंतीत विजेची तार दडलेली नाही, याची खात्री तत्पूर्वी केलेली असावी, हे सांगण्याचीही गरज पडू नये, पण पडते.

नवी तुळई लोखंडी असो वा काँक्रीटची, तिची दोन्ही टोके थेट चिऱ्यावर टेकवू नयेत. भारतीय मानक ३६२० प्रमाणे बांधकामाच्या चिऱ्याची दाब सोसण्याची किमान शक्ती चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन असावी. साध्या काँक्रीटच्या मानाने ती बरीच कमी आहे. तेव्हा सात टनांचा निम्मा भार चार बोटे जागेवर आला, तर चिरा चुरडला जाईल. टोकांखाली काँक्रीटची रुंद बैठक करून भार पसरवावा लागतो. भिंतीच्या खुंटांखालचा पायाही पाहावा, कारण जो भार पूर्वी सबंध लांबीवर होता, तो आता दोन जागी एकवटला आहे. काँक्रीटची तुळई जागेवर ओतली असेल, तर तिच्या खालचे टेकू चौदा दिवसांपूर्वी काढता कामा नयेत, असा दंडक आहे. डोक्यावर चिऱ्याची भिंत असताना अठ्ठावीस दिवस थांबावे हे उत्तम. शेवटी, नवी तुळई आणि जुनी भिंत यांच्यामधील फट कोरड्या-घट्ट सिमेंट मालाने ठासून भरावी. ही फट राहिली, तर टेकू काढताच भिंत तेवढी खाली बसते आणि छपरापर्यंत भेगा जातात.

शहरातील सदनिकाधारकांसाठीही थोडे सांगणे अगत्याचे आहे. काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीत आतली भिंत पडद्याची असते हे खरे, पण ती अगदीच निरुपयोगी नसते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांपैकी अनेकींचा तळमजला वाहने ठेवण्यासाठी भिंतींविना मोकळा होता. वरचे मजले भिंतींनी ताठ, तळमजला लवचिक, म्हणून सगळा हिसका तळच्या खांबांनी सोसला. तळमजल्यावरील भिंती दुकानासाठी काढू पाहणाऱ्यांनी हे विसरू नये. वरच्या मजल्यावर न्हाणीघराजवळची भिंत, नळ-मोऱ्यांची भिंत किंवा कोणताही खांब-तुळई यांना अभियंत्याच्या सल्ल्यावाचून हात लावू नये.

आता मूळ हेतूकडे वळू. उजेड आणि हवा हवी, तर भिंत काढणे हा एकच उपाय आहे काय? बऱ्याच घरांत मधल्या भिंती छपरापर्यंत भिडलेल्याच नसतात. त्यांच्यावरून हवा खेळते. मधल्या काळात कोणी माळ्याला फळ्या ठोकून ती वाट बंद केलेली असते. त्या फळ्यांत जाळी बसविली, छपरात चार-सहा काचेची कौले घातली, बाहेरच्या भिंतीतील बुजविलेली जुनी खिडकी पुन्हा उघडली, तर अंधारी खोली अल्प खर्चात राहण्याजोगी होते. चूल अद्याप लाकडावर पेटत असेल, तर स्वयंपाकघर आणि माजघर यांमधील भिंत काढणे म्हणजे सगळ्या घराला धूर देणे होय. आणि परीक्षेच्या दिवसांत दार लावून बसता येईल अशी एक खोली घरात उरते की नाही, हे भिंत काढण्यापूर्वी मुलांना, विशेषतः मुलींना, विचारावे. मोठ्या दालनात दूरचित्रवाणी सगळ्यांचीच होते, एकांत कोणाचाच राहत नाही.

मोठ्या हिंदू घरांतून राजांगणाचे जे होत आहे, ते पाहिले म्हणजे या साऱ्याचा विपर्यास ध्यानात येतो. चारी बाजूंच्या पडव्या, मध्ये उघडे अंगण, त्यात तुळस. घराचा उजेड, घराची हवा आणि घराची बैठक सगळी तेथेच. ते पावसाचे पाणी घरात आणते म्हणून त्यावर पत्रा किंवा स्लॅब घातली जाते. भोवतालच्या खोल्या काळवंडतात, कोंदट होतात. मग त्या खोल्या मोकळ्या करण्यासाठी भिंती काढण्याचा बेत ठरतो! ज्या घराच्या मध्यभागी मोकळी जागा मूळचीच होती, तिच्यावर झाकण घालून भिंतींत मोकळी जागा शोधावयाची, असा हा व्यवहार. अशा घरांत पहिला खर्च राजांगणावरील पत्रा काढून पागोळीचे पन्हळ व निचऱ्याचे गटार दुरुस्त करण्यावर करावा. पुष्कळदा भिंतीचा प्रश्न त्यानंतर उरत नाही.

ज्यांनी यापूर्वीच भिंती काढलेल्या आहेत, त्यांनी एक तपासणी अवश्य करावी. मोकळ्या जागेच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांतून तिरप्या वर गेलेल्या भेगा, तुळईच्या मध्यभागी आलेला झोल, लांब भिंतीवर वळचणीखालची आडवी भेग, या तीन जागा पाहाव्यात. भेग आढळल्यास ती लगेच लिंपून टाकू नये. लिंपली की ती वाढते आहे की थांबली आहे, हे कळत नाही. भेगेवर आडवी, वीतभर लांबीची पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवावी आणि शेजारी भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहावी. एक पावसाळा जाऊ द्यावा. काच अभंग राहिली, तर भेग जुनी व थांबलेली आहे. ती बुजवून रंग द्यावा. काच तडकली, तर त्याच दिवशी तुळईला टेकू देऊन खालची खाट हलवावी आणि अभियंत्यास बोलवावे.